शालीखालचा हात

पुणे, २२ जून २०२५

साधे,

लग्नाला महिना झाला नाही तर फोनवर मला विचारतेस, "हॅलो, कोण बोलतंय?" अगं भवाने, रुपाली बोलतेय, मढची! नर्सिंगची तीन वर्षं जुन्नरला एका खोलीत काढली, मग ओतूरच्या दवाखान्यात दोन वर्षं एका पाळीत, आणि आता माझा आवाज ओळखू येईना? मग मागून तुझ्या सासूबाई बोलल्या, "कोन हाय गं? मोठ्यानं बोल म्हनावं," तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्याकडं सुनेचा फोन स्पीकरवर ठेवतात व्हय!

म्हणून हे पत्र. तसाही माझा फोन माझ्यापाशी नाय. क्लासच्या हॉस्टेलच्या बाई आठवडाभर सगळ्यांचे फोन कपाटात कोंडतात आणि रविवारी तासाभरासाठी बाहेर काढतात. खुराड्याचं दार उघडल्यासारख्या पोरी धावतात.

आता कामाचं. आपल्या दोघींची तारीख आली, ११ ऑक्टोबर, दुपारची वेळ, पुण्यातच, कॉम्प्युटरवर. आखातातल्या दवाखान्यात नर्स म्हणून उभं राहायचं तर हे लायसन पाहिजेच, ते तुला सांगायला नको. पण क्लासात एक नवीनच कळलं. ही तारीख हुकली तर अर्ज बाद. आणि तू नोकरी सोडलीस, म्हणजे कामात खंड पडला, म्हणजे नवा अर्ज लगेच घेणार नाहीत. पुन्हा दवाखान्यात वर्षं भरा, मग या. तेव्हा तुझ्यापुरती ही एकच वेळ आहे असं धरून चाल.

घरचे सोडतील का, असलं मला विचारू नको. लग्नाच्या बैठकीच्या दिवशी मी दारात पोह्यांचं ताट घेऊन उभी होते. गोरखरावांचे चुलते चार माणसांत बोलले, "पोरीला परीक्षेला बसवू. पास झाली तर नवराबायको दोघं जातील तिकडं." आणि तुझ्या सासऱ्यांनी मान हलवली. काय ती धर्माजींची ऐट! एवढ्या उकाड्यात अंगावर शाल, तोंडातून शब्द नाही, आणि बशीतला चहा लेक स्वतःच्या हातानं पाजतोय. मी म्हटलं, साधीचं नशीब फळफळलं. बागायत, ट्रॅक्टर, वर बापाला चहा पाजणारा नवरा.

असो. हा प्रश्न सोडव. वॉर्डात चार पेशंट, नर्स तू एकटी. एकाला ताप, एकाचं सलाईन संपत आलंय, एक ओरडून रडतोय, एक गप्प पडलाय. आधी कोणाकडं जाशील? मी रडणाऱ्याकडं गेले आणि सरांच्या शिव्या खाल्ल्या. उत्तर कळव. सोबत पन्नास प्रश्नांचा संच आहे, तोही सोडव.

तुझी
रुपाली

*

मंचर, ६ जुलै

प्रिय रुपाली,

पाकीट मिळालं, पण फोडलेलं मिळालं. गोरख म्हणाले, "मला वाटलं बँकेचं आहे." यापुढे घरी पाठवू नकोस. मंचरला एस.टी. स्टँडसमोर सावळारामकाकांचं मेडिकल आहे, तिथल्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठव. औषधं आणायला मी दर आठवड्याला जाते, काका भले आहेत, न विचारता हातात देतात.

मी मजेत आहे. घर मोठं आहे, माणसं आपली आहेत. सासरे जरा आजारी असतात, त्यांचं मीच बघते. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "ह्या आमच्या सिस्टर." गावात कोणाला ताप आला, कोणाला सुई टोचायची झाली, की "सिस्टरला इचारा." सून म्हणून नाव घ्यायच्या आत मी सगळ्या आळीची सिस्टर झाले बघ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, गप्प पडलाय त्याच्याकडं आधी. रडणारा श्वास घेतोय हे ऐकूच येतंय की. तू मात्र कोणी रडलं की धावणार, ओतूरलाही तेच करायचीस.

संच सोडवलाय, सोबत आहे. थोडा राहिला, वेळ मिळाला नाही. बेडसोरचे प्रश्न पाठवू नकोस, ते मला येतात.

माझी धाकटी बहीण आरोही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. तिच्या हॉस्टेलवर जाऊन कधी भेटलीस तर बरं होईल. ताईसारखं आधी लायसन, मग लग्न, असं ती सगळ्यांना सांगत असते. ताईचं उलटं झालं, पण ताई होईल पास.

तुझी
साधना

*

पुणे, २७ जुलै

साधनाबाई, अहो बागायतदारीणबाई,

तुमचा संच तपासला. पन्नासातले वीस सोडवलेत, त्यातले बारा बरोबर. वेळ मिळाला नाही म्हणे! कशानं मिळाला नाही? धारा काढायला गडी, धुण्याला मशीन. सासऱ्याला दोन वेळा गोळ्या देऊन कोणी थकत नसतं. आमच्या मढला या दिवसांत ये, गुडघाभर चिखलात भात लावायचा, वर पावसाचा मारा; माझी आय, सोनीबाई, साठीला आली तरी वाफ्यात उतरते. तिला विचार, वेळ म्हणजे काय.

रागावू नको, पण मला तुझा राग आलाय. इथं तेरा पोरी एका हॉलमध्ये झोपतो. मला प्रश्न नीट वाचताच येत नाय, कारण मी सगळी उत्तरं ओतूरची देते. परवा विचारलं होतं, पेशंटचा रक्तदाब घसरलाय, डॉक्टर जागेवर नाहीत, काय कराल? मी म्हटलं, वॉर्डबॉयला मोटारसायकलवर डॉक्टरांच्या घरी पिटाळीन आणि नातेवाइकांना बाहेर काढून दार लावीन. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "मॅडम, आधी पेशंटकडे बघा तरी." दोन वर्षं तेच तर केलं आपण! पण त्यांच्या पुस्तकात दवाखान्याला डॉक्टर असतो.

आणि तू म्हणतेस, बेडसोरचे प्रश्न येतात. टेंभा मिरवू नको. येतात तर सोडव. मी एकटी पास होऊन तिकडं जाणार नाय, हे तुला माहीत आहे. मला बुडवू नकोस.

रुपाली

*

मंचर, १० ऑगस्ट

रुपाली,

तुझं पत्र मेडिकलच्या बाकड्यावर बसून वाचलं आणि तिथंच फाडलं. सासऱ्याला गोळ्या देऊन कोणी थकत नसतं काय! ऐक मग.

माझ्या सासऱ्यांचं उजवं अंग गेलंय. बोलता येत नाही, समजतं सगळं. नाकातून नळी, लघवीला नळी, अंगाखाली दिवसातून किती वेळा बदलायचं ते मी मोजत नाही. दर दोन तासांनी कूस वळवायची, दिवसा आणि रात्री. लग्न होऊन आले तेव्हा पाठीला माझी मूठ जाईल एवढी जखम होती. आता ती भरून आली. माझ्या हातानं आली. म्हणून म्हटलं, बेडसोरचे प्रश्न पाठवू नकोस.

कधी झालं, विचारशील. आपल्या बैठकीच्या आधी झालं.

आठव जरा. एवढ्या उकाड्यात शाल का होती? खाली उजवा हात मेलेला होता म्हणून. लेक बशीतून चहा का पाजत होता? तोंड एका बाजूनं गळत होतं म्हणून. नाकातली नळी त्या दिवसापुरती काढून ठेवली होती. मी पाया पडले तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, मला वाटलं, करारी माणूस आहे. अगं, आपल्याला पहिल्या दिवसापासून काय शिकवलं? आधी पेशंटच्या तोंडाकडं बघा. दवाखान्यात असं तोंड मी दारातून ओळखलं असतं. पण त्या दिवशी आई कानात म्हणाली, "नजर खाली. मान वर करायची न्हाई," आणि मी चहाचा ट्रे घेऊन फरशी बघत फिरले. त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख मला आठवतं, तोंड आठवत नाही. नर्स असून! आणि तू दारात उभी राहून ऐट बघत होतीस. तूही नर्सच.

हे सगळं मला घरातल्या कोणी सांगितलं नाही. बयाबाई म्हणून एक बाई मेडिकलवर भेटल्या. माझ्या आधी आमच्या घरी मामंजींना सांभाळायला त्या पगारावर होत्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "म्हंजी माज्या जागी तुला आनली व्हय! मी पगार वाढवून मागितला, तवा तुजी सासू, कुशाबाई, बोलली व्हती, आता नर्सच करून आनते घरात. पगार बी नको अन् सुट्टी बी नको." आता त्या घोडेगावला असतात, माझ्या सासूबाईंच्याच भावाकडं. तिथं भावजय अंथरुणाला खिळलीय. बिचाऱ्या बयाबाईंना माझी कीव आली, त्यांनी मला चहा पाजला. मला रडू आलं ते चहा कोणीतरी दुसऱ्यानं आणून दिला म्हणून.

सासूबाई "सिस्टर" म्हणतात, ते मला कौतुक वाटत होतं. ती नेमणूक आहे. आणि या नेमणुकीचा अनुभवाचा दाखला कुशाबाई देणार आहेत का, विचार तुझ्या सरांना.

सगळ्यात वाईट काय सांगू? मी जितकं चांगलं करते तितके ते जगतात, आणि ते जगतात तोवर मी इथंच. हा विचार येतो तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. त्यांचा काय दोष? त्यांना तरी कोणी विचारून शाल पांघरली? मी प्रश्न मोठ्यानं वाचते तेव्हा ते ऐकत असतात. चारही उत्तरं वाचून झाली की डाव्या हाताची बोटं वर करतात, एक, दोन, तीन. परवा त्यांचं बरोबर आलं आणि माझं चुकलं. हसले, अर्ध्या तोंडानं. या घरात माझ्या परीक्षेचा अभ्यास करणारं तेवढं एकच माणूस आहे.

वडिलांना सांगावंसं वाटतं, दादांना, पण फोन स्पीकरवर.

साधना

*

पुणे, ३१ ऑगस्ट

साधना,

तुझं पत्र वाचलं. मी दारात उभी होते. मी बघितलं आणि मला दिसलं नाय. तू मला शिव्या घातल्यास त्या कमीच घातल्या.

पोळ्याला घरी मढला जायचं होतं, तर आळेफाट्याला उतरले आणि वाकडी वाट करून बेल्ह्याला तुझ्या दादांकडं गेले. हौशीरामदादा अंगणात बैलांच्या शिंगांना रंग देत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते रंग देतच राहिले. साधे, त्यांना माहीत होतं. आधीपासून. म्हणाले, "सांगितलं असतं तर पोरगी न्हाई बोलली असती. मोठं घर हाय, आजारपन कोनाच्या घरात नसतं? अन् ती नर्सच हाय की, तिला काय जड?" तुझी आई चुलीपुढून उठली नाही. मी पाणीसुद्धा न पिता निघाले.

हे तुला लिहू की नको, लई विचार केला. पण तू मला खरं लिहिलंस, मग मी का लपवू? आरोही बरी आहे, मजेत आहे. बाकी तिकडचं काही विशेष नाही.

आता ऐक. तिकडून कोणी तुला सोडवायला येणार नाय. लायसन मिळालं की तुझं तू सुटशील, नवरा आला तर आला. परवानगी मान खाली घालून मागू नको. चार माणसांत शब्द दिलाय, तो त्यांच्या तोंडावर मार. रोज रात्री मामंजींची कूस बदलायला उठतेस ना, तेव्हा दहा दहा प्रश्न कर. मी वेगळे संच करून पाठवतेय, चुकणारेच प्रश्न घातलेत. ११ तारखेला मी परीक्षेच्या दारात तुझी वाट बघत उभी असेन.

तुझी
रुपाली

*

मंचर, २१ सप्टेंबर

रुपे,

बस खाली, मग वाच. परवानगी मिळाली!

मी तयारी करून गेले होते, भांडायचं, रडायचं, चुलत्यांना बोलवायचं. तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "अकरा तारखेला तुजी परीक्षा न्हवं? जा बया, खुशाल जा. दिवसभर लागंल तर लागू दे, सांच्याला ये." मला खरंच वाटेना. गोरख मंचरच्या स्टँडवर सोडणार आहेत. हॉलतिकिटाच्या दोन प्रती काढून आणल्या त्यांनी, एक हरवली तर असू दे म्हणून. त्या दिवशी घरच्यांना पाहुण्यांकडं जायचंय, मामंजींपाशी शेजारच्या काकू बसतील. त्यांना मी नळीतून कसं द्यायचं ते शिकवतेय, डोकं उशीनं वर केल्याशिवाय थेंब द्यायचा नाही, हे दहा वेळा म्हणून घेतलं.

दादांचं वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. ते आता राहू दे.

तुझ्या संचात काल सत्तरातले चौसष्ट बरोबर आले. मामंजींचे एकोणीस. मी त्यांना सांगितलं, मी पास झाले तर कदाचित लांब जाईन. त्यांनी डोळे मिटले. मग डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. बैठकीच्या दिवशी राहिला होता तो.

माणसं वाटतात तितकी वाईट नसतात गं. की मीच चार महिन्यांनी एक दिवस मोकळा मिळाला म्हणून पाघळले? जाऊ दे. निळी पिशवी, दोन पेनं, आधार कार्ड, सगळं आत्ताच भरून ठेवलंय.

तुझीच
साधना

*

पुणे, १२ ऑक्टोबर

साधना,

मी पास झाले. स्क्रीनवर नाव आलं, पुढं हिरवी अक्षरं आली, आणि मला काहीच वाटलं नाय.

तुझं नाव तीनदा पुकारलं. मी दारातल्या माणसाचे पाय धरायचे बाकी ठेवले, पाच मिनिटं थांबा, मंचरहून यायचीय, गाडी अडकली असेल. तो म्हणाला, "ताई, दार बंद करावं लागेल." माझ्या शेजारचा कॉम्प्युटर सगळा वेळ तुझ्या नावानं चालू होता. मी माझे प्रश्न वाचायचे की त्या खुर्चीकडं बघायचं?

का आली नाहीस? सासू आडवी आली का? मामंजींना काही झालं? की भ्यालीस? भ्याली असशील तर मला सांगू नको, मी तोंड बघणार नाय तुझं.

आता माझं ऐक, कारण मलाही हे पोटात ठेवून झोप येत नाय. बेल्ह्याला गेले तेव्हा हौशीरामदादांनी अजून एक सांगितलं होतं. आरोहीला बघायला ११ तारखेला पाहुणे येणार आहेत. घोडेगावचे, तुझ्या सासूच्या भावाकडचे. "साधनाला बोलू नको," म्हणाले, "उगं मोडता घालंल." मी तुला लिहिलं, तिकडचं काही विशेष नाही. मला ठाऊक होतं, कळलं तर तू परीक्षा टाकून बेल्ह्याला पळशील. म्हटलं, बघून गेले म्हणून काय लगेच लग्न लागतं? आधी पेपर देऊ, मग दोघी मिळून जाऊ आणि ते लग्न मोडून टाकू. तुझ्या सासूनं तुला एवढं हसत का सोडलं, तेही तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. त्या दिवशी तू लांब हवी होतीस त्यांना. मलाही तू त्या दिवशी पुण्यातच हवी होतीस. म्हणून गप्प बसले.

लिही काहीतरी. शिव्या लिही.

रुपाली

*

२७ ऑक्टोबर

रुपाली,

दिवाळी झाली. पास झालीस, फार बरं वाटलं. खरंच वाटलं. शिव्या नाहीत.

त्या दिवशी गोरखनी मला सकाळी स्टँडवर सोडलं आणि गाडी वळवून गेले. पुण्याची गाडी लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला तर मागून हाक आली, "सिस्टर!" बयाबाई होत्या, नवं लुगडं नेसून, हातात पिशवी. मी विचारलं, पेशंट सोडून इकडं कुठं? तर खुशीत म्हणाल्या, "आज सुट्टी दिली मला. बाईला मी पहाटेच नेसवून, केस इंचरून गाडीत घालून दिली. समदी बेल्ह्याला चाल्लीत, पोरगी बघाया. नर्सिंगला हाय म्हनं पोरगी. माजी ही बी जागा गेली बघ."

मी दादांना फोन लावला. म्हणाले, "आज तुजी परीक्षा हाय न्हवं? मंग परीक्षेचं बघ," आणि ठेवला. आरोहीला लावला तर तोही दादांनीच उचलला.

कंडक्टर म्हणाला, "ताई, येताय का?" पिशवीत हॉलतिकिटाच्या दोन प्रती होत्या. मग रस्ता ओलांडला आणि समोरून आलेली आळेफाट्याची गाडी पकडली. रडले वगैरे नाही. नारायणगाव गेल्यावर एवढंच मनात आलं की रुपी दारात उभी असेल.

आमच्या अंगणात चिंचेखाली जीप उभी होती, काचा वर. आत ती बाई, सासूबाईंची भावजय. दाराला टेकवून बसवली होती, अंगावर भरजरी पदर, मांडीवर शाल. आमच्या घरी सांगितलं होतं, गुडघे दुखतात, उतरवत नाही. उन्हात काचा वर, रुपाली! ओठ सुकून फुटलेले. मी दार उघडलं, आधी वारा लागू दिला, नाडी बघितली, शाल उचलली. खाली लघवीची पिशवी, काठोकाठ भरलेली. ती मोकळी केली. मी म्हटलं, "मावशी, माझ्यावर रागावू नका." त्यांनी डोळ्यांनीच मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "पानी."

मी घरात गेले. ओटीवर सगळे बसलेले. सासूबाई, गोरख, नवरा मुलगा दादाभाऊ, त्याचा बाप. आणि पाटावर आरोही, डोक्यावर पदर, मान खाली, हातात ट्रे. माझ्यावेळचाच ट्रे. दादा उठले, "तू हितं कशी?" मी आरोहीच्या हातातला ट्रे काढून खाली ठेवला, मनगट धरलं आणि म्हटलं, "चल. पेशंट बघायचाय."

ती आली. तिनं बघितलं. मावशींनी पुन्हा पाणी मागितलं तेव्हा मी काही सांगायच्या आत आरोहीनं त्यांच्या मानेखाली हात घातला, डोकं वर घेतलं, हनुवटी खाली टेकवली, आणि चमच्यानं थेंब थेंब पाणी पाजलं. कुठं ठसका लागू दिला नाही. सगळे मागून अंगणात आलेले. आणि सासूबाई काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, "बगा! बगा किती गुनाची पोर! ठरलं समजा."

मला वाटलं, संपलं. मी तिला दाखवायला आणलं आणि त्यांनीच बघून घेतलं तिला.

आरोहीनं चमचा पुसला. डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "एवढं करायला लग्न कशाला पाहिजे? बयाबाईंचा पगार वाढवा." एवढंच. मग घरात जाऊन तिनं बॅग भरली. दादांनी तिच्या अंगावर हात उचलला, तो आईनं धरला. चुलीपुढून न उठणारी माझी आई. दोन वाजायच्या गाडीनं आरोही हॉस्टेलला गेली. तेव्हा तुमचा पेपर सुरू झाला असेल.

मला दादा म्हणाले, "या घराची पायरी पुन्यांदा चढू नको." नाही चढले. दिवाळीला माहेरून कोणी बोलावलं नाही. गोरख त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. सासूबाईंनी सिस्टर म्हणायचं सोडलं, आता कशानंच हाक मारत नाहीत, भांडं आपटतात.

आणि तरी त्याच संध्याकाळी मी इथं परत आले. का, म्हणून ओरडशील. शेजारच्या काकूंनी मामंजींना दिवसभर एका कुशीवर ठेवलं होतं. पाठ पुन्हा लाल झालीय. मी नाही तर कोण वळवणार त्यांना? हे लिहिताना माझा मलाच संताप येतोय, पण हात थांबत नाहीत. त्यांनी मला बघून बोटं वर केली, एक, दोन, तीन, चार. पेपर कसा गेला, विचारत होते. मी सांगितलं, चांगला गेला.

मी पहिल्या पत्रात तुला लिहिलं होतं, गप्प असेल त्याच्याकडं आधी जायचं. आरोही मान खाली घालून गप्प बसली होती, मी तिच्याकडं गेले. उत्तर बरोबरच आहे, तुझ्या सरांना विचार हवं तर. मला फक्त एवढं समजत नाही की त्या चौघांत नर्स स्वतःला कुठं धरते. तुमच्या पुस्तकात असलं तर वाच.

तू जा. माझ्यासाठी थांबलीस तर मी कधी माफ करणार नाही. जाण्याआधी तुझी सगळी पुस्तकं आणि तू केलेले संच आरोहीला नेऊन दे. कुठले प्रश्न चुकतात ते तिला सांग.

साधना

ता. क. हे पत्र बयाबाईंच्या हाती देतेय, त्या पेटीत टाकतील. यापुढे मेडिकलच्या पत्त्यावर काही पाठवू नकोस. औषधं आता गोरखच आणतात.